झेनिया म्हणजे नेमकं काय? मक्याच्या दाण्यावरून अडलेला एक शब्द

बांधावरून

नमस्कार मंडळी. हा धागा शेतीच्या विभागात टाकावा की भाषेच्या, ते ठरेना, म्हणून इथेच विचारतो.

आमचं शेत साताऱ्याच्या पूर्वेला, विहिरीचं पाणी बेताचं. यंदा पंधरा गुंठ्यांत पहिल्यांदाच स्वीट कॉर्न केला. बांधापलीकडे चुलतभावाचा साधा मका, कोंबडीखाद्याला जातो तो. दोन्ही पेरण्यांत जेमतेम आठवड्याचं अंतर. कणसं भरली तशी पहिली पाटी घरी आणली आणि आईने कुकरला लावली. मुलांनी दोन-चार घास खाल्ले आणि कणसं बाजूला सारली. मी चावून पाहिलं. एक दाणा गोड, रसाळ. त्याला खेटून असलेला दाणा पिठूळ, चव उकडलेल्या साध्या मक्याची. नीट पाहिलं तर पिठूळ दाणे थोडे टपोरे आणि गडद होते, गोड दाणे फिकट. कणीस तेच, झाड तेच, बियाण्याची पिशवी तीच.

मला वाटलं बियाण्यात भेसळ आहे. दुकानात गेलो, चार शब्द बोललोही. दुकानदाराने बी.एस्सी. ॲग्री केलेल्या त्याच्या भाच्याला फोन लावून दिला. तो म्हणाला, "काका, बियाण्याचा दोष नाही. झेनिया झालाय." फोन ठेवला आणि घरी येऊन शोधलं, तर पानभर झिनियाची फुलं!

तर विचारायचं असं की हा शब्द नेमका काय आहे? मराठीत त्याला काही म्हणतात का? आणि हे मक्यापुरतंच आहे की सगळ्या पिकांना लागू? आमच्याकडे ठाम समज आहे की रायवळ आंब्याशेजारी कलम लावलं की कलमाची चव बिघडते. शेजारचे म्हणतात, लवंगी मिरचीजवळ लावलेली ढोबळी तिखट होते. हासुद्धा झेनियाच का?

दाणापाणी

बांधावरून, तुमची तक्रार वाचून बरं वाटलं, कारण तुम्ही दाणा चावून बघितलात आणि दोन दाण्यांतला फरक टिपलात. मी तीसेक वर्षं वनस्पती पैदास शिकवली. हा शब्द दर वर्षी फळ्यावर लिहायचो आणि दर वर्षी उत्तरपत्रिकेत तो चुकीच्या जागी वापरलेला सापडायचा.

आधी फुलाचा गोंधळ मिटवू. झिनिया हे फूल योहान झिन या जर्मन शरीरशास्त्रज्ञाच्या नावावरून आलं. आपला झेनिया वेगळा, तो ग्रीक शब्द आहे. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आता अर्थ. परागकण ज्या झाडाचा, त्याच्या जनुकांचा परिणाम त्याच हंगामात, आईच्या झाडावर तयार होणाऱ्या दाण्यात दिसणं म्हणजे झेनिया. एरवी बापाचे गुण दिसायला आपल्याला थांबावं लागतं. बी पेरा, रोप वाढवा, मग कळतं. झेनियात ते थांबणं नाही. बाप तुमच्या कुकरमध्येच दिसला.

हे कसं होतं ते समजून घ्या, मग पुढचे सगळे प्रश्न तुमचे तुम्हीच सोडवाल. मक्याच्या कणसावरचा एकेक केस एकेका दाण्याचा असतो. तुऱ्यातून उडालेला परागकण केसावर पडतो, तिथून बारीक नळी आत जाते आणि त्या नळीतून दोन नर पेशी जातात, एक नाही. पहिली अंडपेशीला मिळते आणि भ्रूण तयार होतो, म्हणजे दाण्याच्या टोकाशी असतो तो कोंब. दुसरी नर पेशी आईच्या दोन केंद्रकांना मिळते आणि त्यातून भ्रूणपोष तयार होतो, म्हणजे पीठ, साखर, आपण खातो तो ऐवज. यालाच दुहेरी फलन म्हणतात. नवाशिन यांनी ते 1898 मध्ये दाखवलं आणि गिन्यार यांनी 1899 मध्ये स्वतंत्रपणे.

म्हणजे भ्रूणपोषात आईचे दोन वाटे आणि बापाचा एक. तुमच्या स्वीट कॉर्नचा गोडवा अप्रभावी, म्हणजे प्रभावी जोडीदार आला की दबून जाणाऱ्या, जनुकावर उभा आहे. साखरेचं पिठात रूपांतर करणारी यंत्रणा त्यात अर्धवट असते, म्हणून साखर साखरच राहते. चुलतभावाच्या मक्यात ही यंत्रणा धडधाकट आहे आणि ते जनुक प्रभावी आहे. त्याचा परागकण ज्या केसावर पडला, त्या दाण्यात बापाच्या एका वाट्यानेच पिठाचं काम सुरू झालं. शेजारच्या केसावर तुमच्याच तुऱ्यातला पराग पडला, तो दाणा गोड राहिला. म्हणून एकाच कणसावर दोन चवी.

बांधावरून

सर, हे पहिल्यांदाच नीट कळलं. एक शंका आहे. माझाही पराग त्याच्या शेतात गेलाच असणार. त्याच्या मक्याचं काहीच कसं बिघडलं नाही?

दाणापाणी

गेला ना. पण तुमचं जनुक अप्रभावी. त्याच्या दाण्यात आईचे दोन वाटे पिठाचे, तुमचा एक गोडव्याचा. पीठच वरचढ ठरलं. त्यामुळे तिकडे डोळ्यांना काही दिसलं नाही. म्हणून दोन शेतांत पराग सारखाच उडाला तरी नुकसान एकाच बाजूला होतं, आणि ते नेहमी गोड मक्याचंच होतं. चुलतभावाला दोष देऊ नका, त्याला कळायलाही काही वाव नव्हता.

शब्दवेल्हाळ

मी शेतकरी नाही, शब्दांच्या मागे लागणारी आहे, म्हणून तेवढंच लिहिते. ग्रीकमध्ये 'क्सेनिया' म्हणजे पाहुणचार, आणि यजमान-पाहुण्यांत दिल्या-घेतल्या जाणाऱ्या भेटवस्तू. झाडांच्या बाबतीत हा शब्द पहिल्यांदा वापरला विल्हेल्म ओल्बर्स फोक यांनी, 1881 मध्ये. ते ब्रेमेनचे डॉक्टर होते आणि वनस्पतींच्या संकरावर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्या मनातली कल्पना अशी की परागकण हा पाहुणा आणि आईचं झाड हे यजमान. पाहुणा जाताना यजमानाच्या घरात काही ठेवून जातो.

हे वाचलं आणि मला आपला आहेर आठवला. लग्नाला आलेला माणूस आहेर करतो आणि तो त्या घरात राहतो. इथे तर प्रसंगही लग्नाचाच आहे. 'परागाचा आहेर' म्हटलं तर कुठल्याही शेतकऱ्याला एका दमात कळेल असं मला मनापासून वाटतं. पाठ्यपुस्तकासाठी कोरडा शब्द हवा असेल तर 'परागप्रभाव' चालेल.

आणि लिंगाचा प्रश्न कुणी विचारला नाही, पण मला पडला. झेनिया झाला की झाली? मलेरिया झाला, न्यूमोनिया झाला, त्या चालीवर 'झेनिया झाला' बरोबर वाटतं. पण तिथेच खटकतं. 'झाला' म्हटलं की पिकाला रोग पडल्यासारखं वाटतं, आणि बांधावरूनही तसंच समजून दुकानात गेले असावेत. 'झेनिया दिसला' म्हणावं असं सुचवते.

दाणापाणी

'दिसला' अगदी योग्य. मी आजवर 'झाला'च म्हणत आलो, आता सुधारतो. 'आहेर'सुद्धा आवडला. फक्त एक अडचण सांगतो. आहेर दोन्हीकडून होतो, परतीचा आहेरही असतो. झेनियात देणं एकाच बाजूचं आहे. तरी वर्गात समजावताना मी हाच शब्द वापरला असता.

परसदारी

मी अमेरिकेत इलिनॉयला राहते. आमच्या परसात दर उन्हाळ्यात मका असतो. इथल्या माझ्या एका चुकीतून या विषयाची वेगळीच बाजू कळली, म्हणून लिहिते.

दोन वर्षांपूर्वी मी गोड मक्याचीच दोन वेगवेगळी पाकिटं आणली. एक जुन्या पद्धतीचं गोड वाण, एक 'सुपरस्वीट'. आजूबाजूला साधा मका नव्हता, म्हणून निर्धास्त होते. दोन ओळी शेजारी-शेजारी लावल्या. तर दोन्ही ओळींतल्या कणसांत कडक, पिठूळ दाणे! मुलीला वाटलं मी कणसं उशिरा काढली.

मग शेजारच्या आजींनी सांगितलं. जुन्या गोड मक्यात एसयू-१ नावाचं जनुक बिघडलेलं असतं. सुपरस्वीटमध्ये वेगळंच, एसएच-२. हे दुसरं वाण आमच्याच इलिनॉय विद्यापीठात जॉन लॉफनन यांनी 1950 च्या दशकात पुढे आणलं. दोघांत बिघाड वेगवेगळ्या जागी आहे. एकाचा पराग दुसऱ्याच्या केसावर पडला की प्रत्येक जण दुसऱ्याची उणीव भरून काढतो, आणि दाण्यात पिठाची यंत्रणा पुन्हा पूर्ण होते. दोन गोड आईबापांचा दाणा पिठूळ!

तेव्हा बांधावरून, चुलतभाऊ साधा मका सोडून स्वीट कॉर्न लावायला तयार झाला तरी वाण कोणत्या गटाचं ते विचारून घ्या.

बांधावरून

ताई, हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं. मी त्याला तेच सुचवणार होतो.

कोकणवाट

रत्नागिरीकडे आमची हापूसची बाग आहे, वडिलांनी लावलेली. रायवळाशेजारी कलम लावलं की चव बिघडते, असं आमच्याकडेही म्हणतात. मी पूर्वी तेच मानायचो. आता मानत नाही, आणि का ते सांगतो.

आंब्याची साल, गर आणि कोयीचं कठीण कवच हे सगळं आईच्या झाडाचं. बापाचा वाटा फक्त कोयीच्या आत, त्या बीमध्ये. आपण तर ती फेकून देतो. मग बापाची चव गरात येणार कुठून?

उलट हापूसला दुसऱ्या जातीचा पराग हवाच असतो. हापूसच्या फुलाला स्वतःचा पराग फारसा मानवत नाही, म्हणून बागेत केसर, गोवा मानकूर अशी थोडी झाडं ठेवली की फळधारणा सुधारते. आमच्या बागेत मानकुराची चार झाडं आहेत. त्यांच्या आजूबाजूच्या हापूसच्या पेटीत आजवर एकही आंबा मानकुरासारखा लागलेला नाही.

आणि रत्नाचं उदाहरण घ्या. कोकण कृषी विद्यापीठाने 1981 मध्ये दिलेली ही जात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आली. नीलमच्या फुलावर हापूसचा पराग टाकला. त्या फुलाचं जे फळ लागलं ते नीलमच होतं. त्याची कोय रुजवली, झाड वाढलं, त्याला फळ आलं, तेव्हा कुठे रत्ना दिसला. मक्यात तीन महिन्यांत दिसणारी गोष्ट आंब्यात बघायला माणसाला वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

शेजारच्या झाडामुळे चव बिघडली म्हणणाऱ्यांनी आधी बागेत पाणी कधी दिलं, फळ कितपत तयार झाल्यावर उतरवलं आणि आढी कशी घातली, ते बघावं. माझा अनुभव असा की कारण तिथेच सापडतं.

दाणापाणी

कोकणवाट यांनी सगळं नेमक्या जागी आणून ठेवलं. सूत्र म्हणून लक्षात ठेवायचं तर एवढंच: घर आईचं, आतला ऐवज दोघांचा. जो भाग खाता तो घराचा आहे की ऐवजाचा, एवढं विचारा.

मिरचीचा तिखटपणा आतल्या पांढऱ्या शिरेत असतो, बिया लगडलेल्या असतात तिथे. ती शीर आईची. म्हणून लवंगीच्या परागाने ढोबळी यंदा तिखट होत नाही. त्या ढोबळीचं बी धरून पुढच्या वर्षी लावलंत, तर मात्र रोपं तिखट निघू शकतात. त्या वेळी घरही नव्या पिढीचं असतं. लोकांनी पाहिलेलं खरं असतं, वर्ष चुकीचं धरलेलं असतं.

दुधी, दोडका, काकडी कडू लागणं हेसुद्धा यात बसत नाही. गर आईचा, कडूपणा त्या वेलाचाच. आणि हे जरा जोर देऊन लिहितो: दुधी कडू लागला तर तो कशानेही गोड करायला जाऊ नका, त्याचा रस तर अजिबात पिऊ नका. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसं दगावलेली आहेत. तुकडा जिभेला लावून बघा, कडू असेल तर सरळ फेका.

रोपमळा

इथे जरा वेगळं मत मांडतो. माझी रोपवाटिका आहे. आम्ही फळझाडांतही झेनिया म्हणतो आणि त्यात चूक आहे असं मला वाटत नाही. सीताफळात सकाळी ब्रशने पराग लावला की फळ मोठं आणि गोल येतं, नाहीतर वेडंवाकडं राहतं. हा परागाचाच परिणाम ना? मग झेनिया का नाही?

दाणापाणी

रोपमळा, तुमचं निरीक्षण सोळा आणे खरं आहे. पण दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. सीताफळ हे अनेक छोट्या फळांचं एक फळ. जितक्या अंडाशयांत फलन होईल तितक्या पाकळ्या भरतील. ब्रशने पराग पुरेसा पोचला, म्हणून फळ चौफेर भरलं. हा पराग किती पोचला याचा परिणाम आहे. झेनियात प्रश्न पराग कुणाचा हा असतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मधमाश्या कमी असल्या की वाकडी येते, ते याच पहिल्या प्रकारातलं.

ओळखायची सोपी कसोटी अशी. एकाच झाडाच्या फुलांना दोन वेगळ्या जातींचा पराग सारख्याच प्रमाणात लावा. फळांत फरक आला तर बापामुळे. नाही आला तर फक्त परागाच्या पुरवठ्यामुळे.

खजूरवाडी

मी पंधरा वर्षं ओमानमध्ये नोकरीला होतो, आता नाशिकला आलो. रोपमळा यांचा प्रश्न वाचून तिथलं एक दृश्य आठवलं.

खजुरात नराची झाडं वेगळी, मादीची वेगळी. वसंतात माणसं मादीच्या झाडावर चढतात, नराच्या फुलोऱ्यातल्या काही काड्या तोडून मादीच्या उमलत्या घोसात खोचतात आणि घोस सैलसर बांधून ठेवतात. आमच्या वसाहतीमागच्या बागेत एक म्हातारे गृहस्थ हे काम करायचे. ते कुठल्याही नराच्या काड्या घेत नसत. बागेत नराची बरीच झाडं, पण काड्या घ्यायच्या त्या एका ठरावीक झाडाच्या. का म्हणून विचारलं तर म्हणाले, याच्या परागाने खजूर लवकर पिकतो.

मला ती श्रद्धा वाटली होती. आता हा धागा वाचून विचारतो, त्यात तथ्य होतं का? खजुराचा गर तर आईचा.

दाणापाणी

पूर्ण तथ्य होतं, आणि तुमच्या त्या गृहस्थांना माझा नमस्कार. खजुराने हा विषय एक पायरी पुढे नेला. कॅलिफोर्नियात रॉय निक्सन यांनी एकाच मादीच्या घोसांना वेगवेगळ्या नरांचा पराग लावून पाहिला. फळाचा आकार आणि पिकण्याची वेळ, दोन्ही नराप्रमाणे बदलली. गर आईचाच, तरी बदलला! वॉल्टर स्विंगल यांनी 1928 मध्ये याला वेगळं नाव दिलं: मेटाझेनिया. त्यांचं म्हणणं असं की आतला भ्रूण आणि भ्रूणपोष संप्रेरकांसारखी काही द्रव्यं बाहेर सोडतात आणि ती आईच्या गराला इशारा देतात. म्हणजे बापाचं जनुक गरात शिरत नाही. ते आत बसून बाहेरच्यांना कामाला लावतं.

म्हणजे रोपमळा, फळाच्या गरावर बापाचा परिणाम दिसला, आणि तो परागाच्या कमी-जास्त पुरवठ्यामुळे नाही हे पडताळून पाहिलं असेल, तर जुन्या रीतीने 'मेटाझेनिया' म्हणा. मात्र तुमच्या बाजूनेही एक पुरावा आहे. 1992 मध्ये डेनी यांनी सविस्तर मांडलं की फोक यांच्या मूळ कल्पनेत दाणा आणि फळ दोन्ही होते, त्यामुळे मेटाझेनिया हा झेनियाचाच भाग धरावा. आज दोन्ही वापर चालू आहेत. मी स्वतः वेगळे शब्द ठेवतो, कारण त्याने आईचं काय आणि बापाचं काय हे ऐकणाऱ्याच्या डोक्यात स्पष्ट राहतं.

रोपमळा

सीताफळाचं पटलं. आजपासून तिथे तो शब्द वापरणार नाही. कसोटी मात्र करून बघतो, दोन जातींचा पराग वेगवेगळ्या फांद्यांना लावून.

तुरा_आणि_केस

मी मक्याच्या पैदाशीवर काम करते. इथे सगळी चर्चा नुकसानीच्या अंगाने चालली आहे, म्हणून दुसरी बाजू लिहिते. आमच्यासाठी झेनिया हे हत्यार आहे.

शुद्ध ओळी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एकसारखी राहणारी वाणं, लवकर मिळवायला आम्हाला एकगुणित रोपं हवी असतात, म्हणजे ज्यांत फक्त आईचे गुणसूत्र आहेत अशी. त्यासाठी विशिष्ट जातीचा पराग टाकतात. बहुतेक दाणे साधे संकरित होतात, थोड्या दाण्यांत भ्रूण एकगुणित राहतो. पण हजारो दाण्यांतून ते थोडे शोधायचे कसे? त्या परागाच्या जातीत 'नवाहो' नावाचं रंगाचं जनुक असतं. तो पराग पोचला की दाण्याच्या माथ्यावर जांभळी टोपी येते, हा झेनिया. आता दाणा उलटून कोंब बघायचा. टोपी जांभळी आणि कोंबही जांभळा, तर तो साधा संकर. टोपी जांभळी पण कोंब पांढरा, तर बाप भ्रूणपोषात पोचला, भ्रूणात राहिला नाही. हाच तो एकगुणित!

मी तासन्‌तास टेबलापाशी बसून हे दाणे निवडले आहेत. पहिल्या दिवशी डोळे दुखतात, मग बोटांनाच सवय होते. कर्नाटकात कुणिगलला 2021 मध्ये अशा एकगुणित रोपांची गुणसूत्रं दुप्पट करण्याची मोठी सोय उभी राहिली, तिच्या मुळाशी ही जांभळी टोपी आहे.

दुसरं उदाहरण पौष्टिक मक्याचं. ओपेक-२ नावाच्या अप्रभावी जनुकाने दाण्यातलं लायसिन (प्रथिनांचा एक आवश्यक घटक) वाढतं, हे पर्ड्यू विद्यापीठात 1964 मध्ये समोर आलं. त्यावरून सुरिंदर वसल आणि एव्हान्जेलिना व्हिलेगास यांनी खाण्याजोगा, कडक दाण्याचा मका घडवला आणि त्यांना 2000 सालचं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं. पण इथेही अप्रभावी जनुक. शेजारच्या साध्या मक्याचा पराग पडला की त्या दाण्यातला जास्तीचा पौष्टिकपणा जातो. स्वीट कॉर्नमध्ये जीभ सांगते तरी; इथे दाणा दिसायला आणि चवीला तसाच. म्हणून त्याची पेरणी एकगठ्ठा, गावभर करावी हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

शब्दवेल्हाळ

मग मी पाहिलेला रंगीत मका? सातपुड्यातून एका मैत्रिणीने कणसं आणली होती. एकाचे सगळे दाणे एकसारखे लाल, दुसऱ्यात पांढऱ्यामध्ये मधूनमधून पिवळे. दोन्हींत बापाचा आहेर आहे का?

तुरा_आणि_केस

ताई, पहिल्यात नाही. सगळं कणीस एकजात लाल असेल तर रंग दाण्याच्या वरच्या सालीत आहे, साल आईची. दुसऱ्यात आहे. पांढरा मका आईचा, पिवळा पराग कुठून तरी आला. त्या पिवळ्या दाण्यांकडे निरखून बघा, ते फिकट पिवळे असतील. आईचे दोन वाटे पांढऱ्याचे आणि बापाचा एकच पिवळ्याचा म्हणून. पिवळ्या आईवर पांढरा पराग पडला असता तर रंग जास्त गडद दिसला असता. तीन वाट्यांचं गणित डोळ्यांना दिसतं, म्हणून मला हे उदाहरण सगळ्यांत आवडतं. बियाण्यासाठी शुद्ध पांढरा ठेवायचा असेल तर मैत्रिणीला ते पिवळे दाणे काढून बाकीचे पेरायला सांगा.

दाणापाणी

इतिहासाचं एक लिहायचं राहून गेलं होतं. मेंडेलचा निबंध 1866 मध्ये छापला गेला आणि पडून राहिला. 1900 मध्ये तो पुन्हा उजेडात आणणाऱ्यांत ह्यूगो द व्ह्रीस आणि कार्ल कोरेन्स होते. हे दोघेही 1899 मध्ये कशावर लिहीत होते? मक्यातल्या झेनियावर. नवाशिन यांचं दुहेरी फलन हाती आल्यावर मक्याच्या दाण्यांचं कोडं त्यांनी सोडवलं. कणसावरचे दाणे मोजता मोजताच ते आनुवंशिकतेच्या नियमांजवळ येत होते.

मेंडेलचे वाटाणेही आठवून बघा. पिवळा की हिरवा, गोल की सुरकुतलेला, हे त्याला आईच्या शेंगेतच, त्याच वर्षी दिसत होतं, कारण तो गुण आतल्या डाळिंबीचा. टरफलाचा रंग मात्र आईचा, त्यासाठी त्याला पुढची पिढी पेरावी लागली. फोक यांच्या व्यापक अर्थाने बघितलं तर मेंडेलच्या हातातही झेनियाच होता.

बांधावरून

मंडळी, चार दिवस गप्प होतो कारण काम करत होतो. इथलं वाचून उरलेली कणसं काढली नाहीत, झाडावरच वाळू दिली. काल सोलली. वाळल्यावर तर फरक आंधळ्यालाही कळेल. गोड दाणे आक्रसून सुरकुतले, पिठूळ दाणे फुगीर आणि तुळतुळीत. आईने दोन्ही वेगवेगळ्या वाट्यांत काढून ठेवले आहेत, आल्या-गेल्याला दाखवते.

मग ओळीप्रमाणे कणसं मांडली. बांधालगतच्या पहिल्या ओळीत जवळजवळ दर तिसरा दाणा फुगीर. दहाव्या ओळीत बरेच कमी. पार पलीकडच्या, विसाव्या ओळीत अख्ख्या कणसात बोटांवर मोजता येतील इतकेच. वारा चुलतभावाच्या बाजूने होता, ते ओळींवर लिहिल्यासारखं दिसलं. चुलतभावालाही बोलावून दाखवलं. तो बराच वेळ बसून दाणे चाचपत होता.

दुकानदाराकडेही जाऊन आलो. तक्रार मागे घेतली आणि भाच्यालाही फोन केला. तो म्हणाला, काका, नुसता शब्द बोलायच्या आधी मीच समजावून सांगायला हवं होतं.

पुढच्या हंगामाचं ठरवलं आहे. अंतर ठेवायचं तर दोन-अडीचशे मीटर हवं, तेवढं रान आमच्याकडे नाही. म्हणून वेळेचं अंतर. चुलतभाऊ पेरेल त्यानंतर पंचवीस दिवसांनी मी. त्याचे तुरे वाळायला लागतील तेव्हा माझे केस बाहेर पडतील. सर, पंचवीस पुरतील ना?

दाणापाणी

दोन्ही वाण किती दिवसांत तुऱ्यावर येतात ते पिशवीवर बघा. तुमचं स्वीट कॉर्न त्याच्यापेक्षा लवकर येणारं असेल तर पंचवीसमधले तेवढे दिवस वाया जातील, तेवढे वाढवा. हिशोब पेरणीच्या तारखेचा धरू नका, तुरा आणि केसांच्या तारखांचा धरा. त्याच्या शेवटच्या तुऱ्यातून पराग पडायचा थांबला आणि मग तुमचा पहिला केस दिसला, की झालं.

बांधावरून

समजलं. दोन्ही पिशव्या आणून ठेवतो आणि त्यावरचे दिवस उद्या इथे टाकतो.